तोंडातल्या चुका

मास्तरांचं तोंड फारसं चालत नाही, कारण त्यात बहुतेक वेळा चुका असतात. चुका म्हणजे बारीक खिळे. खुर्ची मढवणारा माणूस पाचसहा चुका ओठांत धरतो, एकेक जिभेने पुढे सरकवतो आणि हातोडीने ठोकतो. चाळीस वर्षं हे केलं की गप्प राहायची सवय आपोआप लागते. मास्तरांना तर गप्प राहायला वेगळं कारणही होतं.

मास्तरांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे दिसत नाहीत. निळा दिसतो, पिवळा दिसतो, पण लाल आणि हिरवा दोन्ही ओल्या मातीसारखे. खुर्च्या-सोफे मढवणाऱ्याला हे असणं म्हणजे आचाऱ्याला चव नसणं. जगात एकाच माणसाला ही गोष्ट माहीत होती, ती म्हणजे त्यांची बायको. लग्नाला महिनाही झाला नसेल, मास्तरांनी एका लाल गादीला हिरवीगार किनार लावली आणि "कशी झाली?" म्हणून तिलाच विचारलं. ती आधी पोट धरून हसली. मग नवऱ्याचं तोंड बघून हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिने कात्री घेतली आणि दुकानातल्या एकूण एक नमुन्याच्या कोपऱ्यात खाचा पाडल्या. लालला एक, हिरव्याला दोन, तपकिरीला तीन. जशा नमुन्याला, तशाच ताग्याच्या टोकाला. गिऱ्हाइकाने बोट ठेवलं की मास्तर अंगठ्याने खाचा चाचपायचे आणि वर न बघता नेमका तागा ओढायचे. लोक म्हणायचे, काय नजर आहे! मास्तर म्हणायचे, "हात माझा, डोळा हिचा." लोकांना वाटायचं, माणूस बायकोचं कौतुक करतोय.

ती जाऊन आता आठ महिने झाले होते. मुलगा तेव्हापासून मागे लागला होता, की बाबा, पुरे झालं, दुकान बंद करा. रंग कळत नाही हे त्याच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागलं असतं. आणि दुकान गेल्यावर सकाळी उठून करायचं काय, ते मास्तरांना सुचत नव्हतं. पण खाचा होत्या, तोवर दुकान होतं.

सोमवारी हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना दहा वर्षं झाली असतील, पण अजून रस्त्याने चालताना बापे सिगारेट मागे लपवायचे. टेम्पोतून त्यांनी एक खुर्ची उतरवून घेतली. त्यांच्या घरी बसायच्या खुर्च्यांची जोडी होती, नवऱ्याची एक, बाईंची एक, दोन्ही खिडकीपाशी. मास्तरांनीच अकरा वर्षांपूर्वी मढवलेल्या.

"त्यांना दवाखान्यात नेताना स्ट्रेचरची कडी अडकली," बाई म्हणाल्या. खुर्चीच्या फाटलेल्या हातावरून त्या बोट फिरवत होत्या. "टर्रकन फाटली. त्या गडबडीत मला काय वाटलं असेल मास्तर, तर खुर्ची फाटली एवढंच. माणूस जातोय की राहतोय, ते नाही. लाज वाटते सांगायला."

"कसे आहेत आता?"

"रविवारी सकाळी घरी सोडतायत. डोक्याला बसलाय फटका. मधेच ओळखतात, मधेच नाही. डॉक्टर म्हणाले, घरात काही बदलू नका, सगळं जागच्या जागी दिसू दे."

मास्तरांनी नमुन्यांची कडी खाली काढली. लोखंडी कडीत दीडशे तुकडे ओवलेले. बाईंना हवं ते कापड ठाऊक होतं, तरीही त्यांनी अर्धा तास घेतला. एक नमुना खरखरीत म्हणून बाजूला सारला, दुसरा "घाम धरेल" म्हणून. तिसरा उजेडात नेला, गालाला लावला, परत आणला. रंगाची निवड करायला आलेलं माणूस खरं तर दुसरंच काहीतरी ठरवत असतं, हे मास्तरांना जुन्या अनुभवाने माहीत होतं, म्हणून ते घाई करत नसत. शेवटी बाईंनी जाड मखमलीच्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हाच. हा हिरवा. दुसऱ्या खुर्चीचा हाच आहे. शिल्लक आहे ना?"

मास्तरांनी अंगठा फिरवला. एक, दोन. "आहे बाई. त्याच ताग्यातलं आहे."

मंगळवारी मास्तर काथ्या आणि स्पंज आणायला बाहेर गेले. इथे सून आली दुकानात. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, कामाला वाघ, रिकामं बसवत नाही. सासू गेल्यापासून दुपारी दुकानात बसायची आणि तिचे हात नुसते शिवशिवायचे. तिने मास्तरांच्या स्टुलासाठी नवी उशी शिवायला घेतली, झाडलोट केली आणि मग तिचं लक्ष कडीकडे गेलं.

मास्तर परतले तेव्हा ती खुशीत उभी होती. "बाबा, बघा तरी! सगळ्या नमुन्यांच्या दशा निघाल्या होत्या. आणि कोपरे तर उंदरांनी कुरतडलेले. नागमोडी कात्रीने सगळे सारखे करून टाकले. तागेसुद्धा. आता एक धागा सुटायचा नाही."

मास्तरांनी कडी हातात घेतली. अंगठा फिरवला. दीडशे तुकड्यांच्या दीडशे कडा, सगळ्या नागमोडी, सगळ्या सारख्या. चाळीस वर्षांच्या खाचा एकाच दुपारी गेल्या होत्या. त्या गेल्या म्हणून आणि ज्या हाताने पाडल्या तो हात आता नव्हता म्हणून, मास्तरांचा तोल गेला.

"कोणी सांगितलं होतं तुला? कोणी? कापडाच्या दशा बघायला निघालीस, माझी काय दशा केलीस ती बघ! पुन्हा दुकानात पाऊल टाकायचं नाही. समजलं?"

सुनेच्या आयुष्यात सासरा पहिल्यांदाच तिच्यावर ओरडत होता. तिने कात्री जागेवर ठेवली आणि घरात निघून गेली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे एक उंबरा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप त्या उंबऱ्यावर ठेवला आणि बोटाने आत सरकवला. पाऊल टाकलं नाही. सांगितलं तेच अक्षरशः करणारी मुलगी होती ती.

मास्तरांनी मखमलीचे दोन तागे मांडीवर घेतले. एकच कापड, एकाच गिरणीचं, एक हिरवं आणि एक लाल. वजन सारखं, लव सारखी. त्यांनी दोन्ही खिडकीत धरले. ओले करून पाहिले. वास घेतला. जुनी खुर्ची शेजारी ठेवून पाहिली, तीही तशीच, मातीसारखी. सुनेला नुसतं म्हटलं असतं, "तो हिरवा तागा काढून दे गं," तर एका मिनिटात काम झालं असतं. पण दाराला आतून कुलूप लावून चावी बाहेर फेकावी, तसं करून बसले होते. आता कुठल्या तोंडाने हाक मारायची?

मुलाला विचारायची तर सोयच नव्हती. बायकोला रडवलं म्हणून तो आधीच फुरंगटून बसला होता.

मग मास्तरांनी एक तागा काखेत मारला आणि शेजारच्या वाण्याकडे गेले. दोन्ही नेले असते तर शंका आली असती.

"काय शेट, कसा वाटतो रंग?"

वाण्याने तराजूवरून नजर उचलली. "झकास!"

"म्हणजे... कसा?"

"शोभेल की."

माणसाला रंग कसा आहे विचारलं, तर तो बरा-वाईट सांगतो, नाव कधीच सांगत नाही. नाव कशाला सांगेल? समोरच्याला दिसतंय ना! मास्तर कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याच्या हातात वस्तरा, वस्तऱ्याखाली एकाची मान.

"हा कशासारखा वाटतो हो तुम्हाला?"

सलूनवाल्याने मान तिरकी केली. "हा? आमच्या मेव्हणीच्या पडद्यांसारखा. डिट्टो."

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेव्हणीचे पडदे त्यांनीच शिवले होते, चार वर्षांपूर्वी. घड्या घालताना बायको म्हणाली होती, "हिरवे छान दिसतील तिच्या खोलीत." झालं तर! काखेतला तागा हिरवा. मास्तर परत आले ते जवळजवळ पळतच. मेव्हणीने ते पडदे गेल्या वर्षीच काढून टाकले होते आणि लाल लावले होते. हे सलूनवाल्याला माहीत होतं, मास्तरांना नव्हतं.

तीन दिवस ते मन लावून काम करत होते. जुनं कापड उसवलं, काथ्या बदलला, पट्ट्या ताणल्या. लव वरून खाली बसेल अशी धरून कापड कापलं. हात त्यांचा होताच. शुक्रवारी दुपारी खुर्ची उलटी करून ते बुडाला अस्तर ठोकत होते, चार चुका तोंडात होत्या, तेव्हा हेडबाई आल्या.

"झाली का? बघू."

मास्तरांनी अभिमानाने खुर्ची सुलटी केली.

बाई एक पाऊल मागे सरकल्या. मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"लाल?" बाई म्हणाल्या. "मास्तर, लाल?"

उंबऱ्याच्या पलीकडे सून चहा घेऊन उभी होती. तिने खुर्ची पाहिली, मास्तरांचा पांढराफटक चेहरा पाहिला. मंगळवारच्या आरडाओरड्याचा आणि या लाल खुर्चीचा काहीतरी संबंध आहे एवढं तिला कळलं. काय ते कळलं नाही. पण घरातल्या माणसाला बाहेरच्यासमोर असं उभं राहिलेलं तिला बघवेना.

"बाई, चूक माझी आहे," ती तिथूनच म्हणाली. "मी तागे आवरले, तेव्हा उलटसुलट झाले. बाबांनी मी ठेवला तोच घेतला."

बाईंना राग काढायला जागा हवीच होती. "तू ठेवलास? आणि तुला गं, लाल-हिरवा कळत नाही का? पहिलीतली पोरं सांगतात! शिकलीसवरलेली ना तू?"

लाल-हिरवा कळत नाही का. हा प्रश्न मास्तर चाळीस वर्षं टाळत आले होते. दुकानात, लग्नकार्यात, रस्त्यात, झोपेतसुद्धा. आज तो अखेर विचारला गेला आणि भलत्याच माणसाच्या डोक्यावर पडला. सून मान खाली घालून ऐकत होती. कपातला चहा हिंदकळून बशीत सांडला होता.

मास्तरांच्या तोंडात चार चुका होत्या. थुंकायला असा कितीसा वेळ लागतो? मास्तरांनी त्या थुंकल्या नाहीत. ओठ घट्ट मिटून उभे राहिले.

बाईंचा आवाज एकदम उतरला. "मी त्यांना काल सांगितलं हो, तुमची खुर्ची आहे तशी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत करा. हात जोडते." आणि त्या गेल्या.

संध्याकाळी मुलगा घरी आला तो सगळं ऐकूनच. बाईंचा आवाज वाण्याच्या दुकानापर्यंत गेला होता, आणि वाण्याच्या दुकानात गेलेली गोष्ट कधी तिथेच राहत नाही. जेवताना त्याने बायकोला खडसावलं.

"कशाला नाक खुपसायचं जिथे तिथे? साधा लाल-हिरवा ओळखता येत नाही तुला? आता गल्लीत मला तोंड दाखवायची सोय नाही."

"नाही जाणार मी पुन्हा दुकानात," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंच होतं."

"आणि बाबा, मी म्हणतोय ते हेच. झेपत नाही आता. बंद करा."

मास्तरांनी ताट पुढे सरकवलं. आता तर तोंडात चुकाही नव्हत्या. तरी ते बोलले नाहीत. पाणी पिऊन उठले. उठताना त्यांना सून दिसली, ती शांतपणे सगळ्यांची ताटं गोळा करत होती. मास्तरांना स्वतःची शिसारी आली. आपलं दुकान वाचवायला आपण या पोरीला विकलं, असं त्यांना स्पष्ट वाटलं.

शनिवारी सकाळी ते मखमलीचे दोन तुकडे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मुलगा एक मोजा घालून दुसरा शोधत होता.

"सूनबाई, यातला हिरवा कुठला?"

तिने वळून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "बाबा, अजून किती टोचून बोलणार? चुकले म्हटलं ना मी."

"टोचत नाही गं." मास्तरांनी तुकडे पुढे केले. "मला दिसत नाही. कधीच दिसला नाही. लाल आणि हिरवा, दोन्ही मला एकच."

मुलगा मोजा हातात धरून तसाच बसला. सुनेने तुकडे घेतले नाहीत. तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"तुझ्या सासूला माहीत होतं. ती खाचा पाडून ठेवायची. लालला एक, हिरव्याला दोन. त्या तू..."

"उंदरांनी कुरतडलेले कोपरे," सून हळूच म्हणाली. "अगं आई गं!"

मग मुलगा म्हणाला, "मी लहान असताना सिग्नलला तुम्ही माझा हात धरून थांबायचात. मला विचारायचात, सांग बघू, आता जायचं का? मला वाटायचं, मला शिकवताय."

"तूच न्यायचास मला पलीकडे," मास्तर म्हणाले.

मुलाने मान खाली घातली आणि उगाचच मोजा उलटा करू लागला. दुकान बंद करायचं की नाही, यावर त्या दिवशी तो एक अक्षर बोलला नाही. पुढे बोलेल की नाही, ते मास्तरांना तेव्हा सांगता आलं नसतं.

खुर्ची अजून लालच होती, आणि हातात एकच दिवस. मास्तर दुकानात गेले. सून मागोमाग आली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"आत येऊ?"

मास्तरांना रडू आवरेना. त्यांनी नुसती मान डोलावली.

तिने हिरवा तागा खाली काढला. मास्तरांनी लाल कापड उसवायला घेतलं आणि मधेच विचारलं, "ती कात्रणं फेकलीस का गं? कापलेली?"

"फेकते कशाला? उशीत भरली. तुमच्या स्टुलाच्या."

मास्तर मंगळवारपासून त्याच उशीवर बसून हिरवा शोधत होते. ते चटकन उठले. तिने उशीची शिवण थोडी उसवली आणि चिंध्यांची मूठ बाहेर काढली. मास्तरांनी त्यातली एक चिंधी उचलून अंगठा फिरवला. एक, दोन.

"हिरवी," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "हिरवीच."

त्यांनी ती चिंधी खिशात ठेवली. मग दोघं दिवसभर कामाला लागले. तिने कापड ताणून धरलं, त्यांनी ठोकलं. दुपारी मुलगा आला, पलीकडची बाजू धरून उभा राहिला.

संध्याकाळी खुर्ची घेऊन मास्तर आणि सून बाईंच्या घरी गेले. खुर्ची खिडकीपाशी दुसरीच्या शेजारी ठेवली. बाईंनी एकदा हिच्यावरून, एकदा तिच्यावरून हात फिरवला आणि सुटकेचा श्वास टाकला. "आता बरोबर. बघ मुली, एवढंच तर लक्ष द्यायचं होतं."

"बाई," मास्तर म्हणाले. "काल तुम्ही हिला विचारलंत, लाल-हिरवा कळत नाही का म्हणून. तो प्रश्न माझा होता. मला नाही कळत. हिची काही चूक नाही. ही बोलत होती तेव्हा मी चुका तोंडात धरून उभा राहिलो."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "पण इतकी वर्षं... अहो, अख्ख्या गावाच्या खुर्च्या..."

"ती होती ना."

"हात माझा, डोळा हिचा," बाई पुटपुटल्या. "तुम्ही तर दरवेळी सांगत होतात मास्तर. आम्हीच हसून सोडून देत होतो."

मग त्यांनी सुनेचा हात धरला आणि तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, पण पोरांना पस्तीस वर्षं कान धरायला लावलेल्या बाई, त्यांना माफी मागायची सवय नव्हती. "बस गं," एवढंच म्हणाल्या. "मास्तर, तुम्हीही बसा. त्यांच्या खुर्चीत. कशी झालीय ते उद्यापर्यंत कोणीतरी बघायला हवं."

मास्तर टेकले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे ठेवले. खिडकीतला उजेड कमी होत चालला होता. शेजारी सून बसली होती आणि दोन्ही खुर्च्या हिरव्या होत्या. सुनेने तसं सांगितलं होतं.